नेट नसताना ड्रायव्हर टाकताना: माझा अनुभव

विंडोज टाकून होतं, पण लॅनचाच, म्हणजे केबलने नेट जोडणाऱ्या भागाचाच, ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो, आणि तो उतरवायला नेट लागतं. नागपूरबाहेर काटोल-उमरेडकडे काम करताना हा पेच मला कायम पडतो. नागपुरात बर्डीवर येऊन लॅपटॉपचं मॉडेल सांगून ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी वायफाय कार्डं निघतात. म्हणून मी हार्डवेअर आयडी, म्हणजे त्या भागाचा ओळख क्रमांकच बघतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेच्या नोंदीवर राइट क्लिक करायचं, प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये जायचं आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडायचं. 'व्हेन'पुढची चार अक्षरं चिपची कंपनी सांगतात: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम. 'डेव्ह'पुढची चार नेमकी चिप सांगतात. १०ईसी आणि ८१६८ दिसलं की ते रिअलटेकचं गिगाबिट लॅन. ही ओळ हाताने उतरवू नका, मोबाइलवर फोटो काढा. एक अक्षर चुकलं की भलताच ड्रायव्हर हाती येतो.

नेट असेल तिथे मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या वेबसाइटवर हाच आयडी शोधायचा. मिळालेली कॅब (दाबून बांधलेली) फाइल एक्स्पांड कमांडने पूर्णपणे एका फोल्डरात उघडायची. आतली एकटी आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) नेऊन भागत नाही; सोबतची सिस (खुद्द ड्रायव्हर) आणि कॅट या फाइलीही हव्यात. कॅटमध्ये डिजिटल सही असते, ती राहिली की ६४-बिट विंडोज ड्रायव्हर नाकारतं. बसवताना आधी चिपसेट (मदरबोर्डच्या मुख्य चिप), मग लॅन, बाकीचं नंतर.

अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर तर विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते, व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर हवा असतो. विंडोज टाकताना येणाऱ्या 'लोड ड्रायव्हर' बटणाला ईएक्सई फाइल चालत नाही. ती आधी दुसऱ्या पीसीवर उघडून आयएनएफचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

मोबाइलला रेंज असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देणं) सुरू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० आणि ११ मध्ये सहसा आधीच असतो.

पण जुनं विंडोज चालू असेल, तर फॉरमॅटआधीच विंडोजमधल्या डिझम कमांडच्या 'एक्स्पोर्ट-ड्रायव्हर'ने बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. हे मी कधीच टाळत नाही. नंतर पीएनपीयूटिल या विंडोजच्याच कमांडला 'अ‍ॅड-ड्रायव्हर', 'सबडर्स' आणि 'इन्स्टॉल' दिलं की ते एका दमात बसतात. मात्र ३२-बिटवरून घेतलेले ६४-बिटवर चालत नाहीत.

तरीही पिवळी खूण राहिलीच, तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरातली 'सेटअपएपीआय.डेव्ह' ही लॉग फाइल उघडा आणि शेवटून वर वाचत जा. कुठली फाइल अडली, ते तिथे लिहिलेलं असतं.