तुम्ही विचारलंत म्हणून: शेक्सपियरला रोम कुणी दाखवलं?

मी इंग्रजी साहित्य शिकवते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला, इंग्लंडबाहेर पाऊल टाकल्याचा काही पुरावा नाही; मग शेक्सपियरला रोम, अलेक्झांड्रिया, व्हेरोना हे सगळं माहीत कसं? काहींना पुढे असंही वाटत असतं, की ही नाटकं दुसऱ्याच कुणा उमरावाने लिहिली असणार. परीक्षेला बसणारी मुलं तेच वेगळ्या शब्दांत विचारतात: रेनेसाँचा, म्हणजे ग्रीक-रोमन विद्येच्या युरोपातल्या पुनरुज्जीवनाचा, इंग्रजी साहित्यावर काय प्रभाव पडला?

दोघांनाही मी एकच उत्तर देते. इटलीत सुरू झालेलं ते वारं इंग्लंडमध्ये शाळामास्तरांनी आणि भाषांतरकारांनी आणलं. गाइडांमध्ये याची सुरुवात १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं इथून होते: ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीकडे पळाले आणि युरोप जागा झाला. पण इटालियन कवी पेट्रार्क १३७४ मध्येच वारला होता, आणि रोमन लेखकांच्या हरवलेल्या हस्तलिखितांचा ध्यास त्याने त्याआधी कितीतरी वर्षं घेतला होता. शिवाय पोथ्या पळवून आणल्याने स्ट्रॅटफर्डमधल्या, म्हणजे शेक्सपियरच्या गावातल्या, पोराला कविता लिहिता येत नाही. मध्ये कुणीतरी शिकवावं लागतं.

ते शिकवणं कसं होतं, हे बघण्यासारखं आहे. १५०९च्या सुमारास जॉन कॉलेटने लंडनमध्ये सेंट पॉल्स शाळा नव्याने उभी केली. तिच्यासाठी त्याच्या मित्राने, इरॅस्मस या डच पंडिताने, १५१२ मध्ये लॅटिन लेखनाचं एक पुस्तक दिलं. त्यात ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ हे एकच वाक्य तो शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवतो. मुलांनी तेच करायचं. एक आशय घ्यायचा आणि तो उलटसुलट करत राहायचं, भाषा थकेपर्यंत. मग दुसरा सराव: एखाद्या वादाची एक बाजू मांडायची आणि लगेच तितक्याच जोराने विरुद्ध बाजू. ‘ज्युलियस सीझर’ नाटकात सीझरच्या प्रेतापुढे आधी ब्रूटस बोलतो आणि जमाव त्याचा होतो, मग अँटनी बोलतो आणि तोच जमाव फिरतो. हा प्रसंग वाचताना मला नेहमी ग्रामर स्कूलचा, म्हणजे त्या काळच्या लॅटिन शाळेचा, वर्ग दिसतो. हॅम्लेट जगावं की मरावं याच्या दोन्ही बाजू तोलतो, त्यालाही तेच वळण आहे.

स्ट्रॅटफर्डच्या शाळेचा त्या काळातला पट आज उपलब्ध नाही, त्यामुळे शेक्सपियरचं नाव कुठल्या वहीत दाखवता येत नाही. पण त्याच्या नाटकांत ती शाळा जागोजागी आहे. ‘टायटस अँड्रोनिकस’मध्ये एक पात्र रोमन कवी होरेसची ओळ ऐकून म्हणतं, ही मी फार पूर्वी व्याकरणाच्या पुस्तकात वाचली होती. ते पुस्तक म्हणजे विल्यम लिलीचं लॅटिन व्याकरण, जे त्या काळी राजाच्या हुकमाने देशभर चालायचं. ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये तर विल्यम नावाच्याच एका पोराची मास्तर सर्वांसमक्ष ‘हिक, हेक, हॉक’ या लॅटिन सर्वनामाच्या रूपांची उजळणी घेतो.

या मास्तरांमध्ये मला सगळ्यांत जवळचा वाटतो रॉजर ॲस्कम, एलिझाबेथ राणीचा शिक्षक. त्याचं ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये निघालं. आरंभीच तो सांगतो, की विंडसरला जेवणाच्या पंगतीत बातमी आली: ईटनची काही पोरं माराच्या भीतीने शाळेतून पळाली. त्यावर वाद झाला आणि त्यातून हे पुस्तक सुचलं. छडीने नव्हे, समजुतीने शिकवा, हे त्याचं म्हणणं. त्याची रीत अशी: रोमन वक्ता सिसेरोचा उतारा मुलाने इंग्रजीत आणायचा, मूळ पुस्तक बाजूला ठेवायचं, थोड्या वेळाने स्वतःचं इंग्रजी परत लॅटिनमध्ये न्यायचं आणि सिसेरोशी ताडून बघायचं. माझ्या मते एलिझाबेथच्या काळातल्या इंग्रजी गद्यपद्याचा पाया या रोजच्या ये-जा करण्यात आहे. दोन भाषांमध्ये अशी येरझार घातली की आपल्या भाषेत काय नाही ते कळतं, आणि ते घडवावं लागतं.

या शाळा मुलग्यांच्या होत्या, हेही सांगायला हवं. एलिझाबेथला किंवा मेरी सिडनीला जे मिळालं ते घरी, खानदानी असल्यामुळे मिळालं. मेरी सिडनीने अँटनीवरचं एक फ्रेंच नाटक इंग्रजीत आणलं. ते १५९२ मध्ये छापून आलं, म्हणजे शेक्सपियरच्या अँटनी-क्लिओपात्राच्या बरंच आधी. बाईने स्वतःचं लिहिणं लोकांना खपत नसे, भाषांतर केलेलं चालून जाई. अशा वाटेने का होईना, ती या गोष्टीत आहे, आणि अभ्यासक्रमांत तिला याहून जास्त जागा हवी असं मला ठामपणे वाटतं.

आता भाषांतरकारांकडे येते. प्लुटार्कने ग्रीकमध्ये ग्रीक आणि रोमन थोरांची चरित्रं लिहिली. ती झाक आमियोने १५५९ मध्ये फ्रेंचमध्ये आणली. त्या फ्रेंचवरून टॉमस नॉर्थने ती इंग्रजीत आणली, १५७९ साली. नॉर्थने मूळ ग्रीकला हात लावला नाही. ज्या छापखान्यात हा ग्रंथ छापला गेला, तो फ्रान्समधून आलेल्या टॉमस व्होत्रोलिए या प्रॉटेस्टंट माणसाचा. त्याच वर्षी लंडनमध्ये एका मुलाची छापखान्यातली उमेदवारी सुरू झाली आणि तो व्होत्रोलिएकडेच काम शिकला: रिचर्ड फील्ड, स्ट्रॅटफर्डच्या कातडं कमावणाऱ्याचा मुलगा. पुढे मालक वारल्यावर फील्डने त्याच्या विधवेशी लग्न केलं आणि छापखाना चालवला. १५९३ मध्ये त्याने आपल्या गाववाल्याचं पहिलं काव्य छापलं, ‘व्हीनस अँड अडोनिस’. १५९५ मध्ये नॉर्थच्या प्लुटार्कची दुसरी आवृत्ती त्यानेच काढली. शेक्सपियरने पुस्तकं कुठे वाचली असतील, असं मला विचारतात तेव्हा मी या दुकानाकडे बोट दाखवते. त्याने तिथे बसून वाचलं याचा कागद नाही. पण गावचा माणूस, कवितेचा मुद्रक आणि प्लुटार्कचा मुद्रक एकच, एवढं पक्कं आहे.

नॉर्थच्या गद्यात क्लिओपात्राची नौका येते. नौकेचा मागचा भाग सोन्याचा, शिडं जांभळी, वल्ही चांदीची, आणि बासऱ्यांच्या तालावर ती वल्ही पाण्यात पडतात. शेक्सपियर हे जवळपास शब्दशः उचलतो. मग त्यात स्वतःचं घालतो: शिडं इतकी सुगंधी की वारे त्यांच्या प्रेमात पडून झुरतात, वल्ह्यांचा मार खाणारं पाणी त्या माराच्याच ओढीने मागोमाग धावतं. हे सगळं तो एनोबार्बस या रांगड्या शिपायाच्या तोंडी घालतो. शिपाई असा बोलायला लागला की प्रेक्षकाला कळतं, अँटनी आता परत येत नाही. हा निर्णय प्लुटार्कचाही नाही, नॉर्थचाही नाही. आज याला कुणी उसनवारी म्हणेल. त्या काळच्या शाळेत याला अभ्यास म्हणत, आणि शेक्सपियर त्या अभ्यासात सगळ्यांच्या पुढे होता. ‘टेंपेस्ट’मधलं प्रॉस्पेरोचं जादूला निरोप देणारं भाषणही असंच आहे: रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातली जादूगारीण मीडिया जे बोलते ते, आर्थर गोल्डिंगच्या १५६७च्या भाषांतराचा हात धरून.

कवितेत हेच थोडं आधी घडलं होतं. कवी टॉमस वायट १५२७ मध्ये राजाच्या कामासाठी इटलीला गेला. पेट्रार्कच्या एका सुनीतात शुभ्र हरिणी दिसते. तिच्या गळ्यातल्या रत्नांवर लिहिलंय की मला कुणी शिवू नये, माझ्या सीझरने मला मोकळं सोडलंय. वायटच्या इंग्रजी कवितेत शिकारी धापा टाकतो आहे, मागे पडतो आहे, आणि हरिणी मोकळी नाही: ती सीझरच्या मालकीची आहे. आठव्या हेन्रीच्या दरबारात हे लिहिणं साधं नव्हतं. पेट्रार्कचं स्वप्न वायटने दरबारातल्या भयात नेऊन ठेवलं, आणि ती माझ्या दृष्टीने इंग्रजीतली पहिली आधुनिक प्रेमकविता आहे. त्याचा धाकटा समकालीन सरे याने रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याचे दोन सर्ग इंग्रजीत आणताना यमक सोडून दिलं. मार्लो, शेक्सपियर, मिल्टन ज्या निर्यमक छंदावर उभे आहेत, तो असा एका भाषांतराच्या अडचणीतून इंग्रजीत आला. सरेचा १५४७ मध्ये शिरच्छेद झाला, वयाची तिशी गाठली न गाठली तोच. आणि विल्यम टिंडलने इरॅस्मसच्या ग्रीक आवृत्तीवरून बायबलचा नवा करार इंग्रजीत आणला, १५२६ मध्ये तो जर्मनीत छापून चोरून इंग्लंडला पाठवला आणि १५३६ मध्ये त्यापायी जीव गमावला. इंग्रजी गद्याला त्याच्याइतकं साधेपण दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

या शिक्षणाची एक फांदी थेट आपल्याकडे पोचली, म्हणून हा विषय मला परका वाटत नाही. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज, शेक्सपियरहून पंधराएक वर्षांनी मोठा, विंचेस्टरच्या लॅटिन शाळेत शिकलेला. कॅथलिक असल्यामुळे मायदेशात त्याला थारा नव्हता. तो रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, झाला आणि १५७९ मध्ये, नॉर्थचा प्लुटार्क निघाला त्याच वर्षी, गोव्यात उतरला. चार वर्षांनी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवलं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी दिसते. मग गोव्यातल्या साष्टीत राहून त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. शेक्सपियर वारला ते हेच साल. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा, कि रत्नांमाजी हिरा निळा, तैसी भासांमाजी चोखळा, भासा मराठी’ ही त्याचीच ओवी. तो धर्मप्रसारासाठी आला होता आणि गोव्यात त्या काळी देवळं पाडली जात होती, हे विसरून त्याला वाचता येत नाही. तरी परक्या भाषेचा छंद आतून शिकून घ्यायचा, त्यात जुना आशय नव्याने ओतायचा, ही त्याची सवय वायट आणि सरेच्याच कुळातली आहे.

कुणा लपलेल्या उमरावाची गरज शेक्सपियरला म्हणून लागत नाही. गावच्या शाळेत काय शिकवत आणि लंडनच्या दुकानांत काय मिळत होतं, हे बघितलं की पुरतं. पुढच्या वेळी विचारणार असाल तर आधी एवढं करा: नॉर्थचा तो क्लिओपात्राच्या नावेचा परिच्छेद आणि एनोबार्बसचं भाषण शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, आणि शेक्सपियरने कुठला शब्द ठेवला, कुठला टाकला, कुठे नवा घातला, त्याखाली पेन्सिलीने रेघा मारून मला आणून दाखवा.