कुंपणापलीकडचा माळ

आमच्या गुरुजनांविषयी या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते शाळेच्या कुंपणाला लागून ज्यांचे शेत होते, त्या तात्यांविषयी. खालची काळी जमीन ते चारचौघांसारखीच कसत, परंतु वरच्या मुरमाड माळावर त्यांनी नांगर घातला नाही की मोकाट गुरे शिरू दिली नाहीत, आणि त्यामुळे गावाच्या लेखी ती जमीन पडीकच होती.

चराई थांबल्यावर प्रथम कुसळीच माजली. आमचे जीवशास्त्राचे शिक्षक आम्हाला तिकडे नेत तेव्हा परतल्यावर कपड्यांत रुतलेली कुसळे काढण्यात मधली सुट्टी संपत असे. पुढे हळूहळू पवन्या आणि मारवेल दिसू लागले. ही बहुवार्षिक गवते गुरांच्या आवडीची असल्याने मोकाट चराईत सर्वांत आधी तीच संपतात, हे तात्यांनी आम्हाला ठोंब हातात धरून दाखवले होते. बी झडून गेल्यावर ते गवत कापून न्यायला मात्र कोणालाही मुभा होती.

एकदा वृक्षारोपणासाठी शाळेत गुलमोहर आणि गिरिपुष्पाची रोपे आली व ती माळावर लावावीत असे ठरू लागले. तात्यांनी नम्रपणे, पण साफ नकार दिला. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले; आवारात सावलीला हवी तर लावा, पण चंडोल आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांच्या माळावर झाडांची दाटी नको, असे त्यांचे म्हणणे होते. खड्ड्यांच्या संख्येवर हिरवाई मोजणाऱ्यांना हे आजही पटत नाही, याचे मला नवल वाटते.

झाडे त्यांनी ओढ्याकाठी वाढू दिली, आणि तीही फारशी न लावता. तिथे घाणेरीचे रान होते. कोयत्याने छाटली की ती बुंध्यातून जोमाने फुटते, म्हणून तात्या कुदळीने जमिनीखाली मूळ तोडून झुडूप उलटे करून ठेवीत. धावड्याचे बी चिमटीत दाबून ‘बघ, पोकळ आहे’ म्हणत. त्याच्या बहुतेक बिया रुजतच नसल्याने तोडलेल्या खुंटांना आलेले फुटवे राखण्यावर त्यांचा भर असे. गवत वाळू लागले की वणव्याच्या भीतीने ते माळाभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत नसलेला मोकळा पट्टा, काढत, आणि त्या कामाला आम्हा मोठ्या वर्गातील मुलांना हक्काने बोलावत.

तात्या आता नाहीत. माळ त्यांच्या सूनबाई राखतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता नोंदवही तयार होत असताना गवतांची स्थानिक नावे त्यांनीच सांगितली. महोत्सवानिमित्त शाळा पुन्हा रोपे लावणार असल्याचे कळते. ती कोणती आणावीत, हे मुख्याध्यापकांनी आधी त्यांना विचारावे, एवढी विनंती आहे.