शेवटच्या गाडीचा वेग

मित्रमंडळी आणि घरची माणसे मिळून कच्च्या वाटेने मोटारसायकलवर निघायचे ठरले की पहिली चर्चा हमखास गाड्यांवर रंगते. कोणाचे पुढचे चाक एकवीस इंची आहे, कोणाच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाचे अंतर, जास्त आहे, कोणाच्या चाकाला तारा आहेत आणि कोणाचे अलॉयचे, म्हणजे एकसंध ओतीव धातूचे, आहे, यावर तासच्या तास जातात. ही चर्चा मला मनापासून आवडते आणि तिच्यात तथ्यही आहे. मोठे पुढचे चाक दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर सहज चढते आणि तारांच्या चाकाची रिम जोराने आपटली तरी बहुधा तडकण्याऐवजी वाकते. मात्र अनेक वर्षे अशा वाटा तुडवल्यावर माझे मत पक्के झाले आहे की गटाने निघताना सर्वांत आधी विचार सर्वांत मागे राहणाऱ्या गाडीचा करावा. तिच्यावरचा चालक किती वेळ न दमता उभा राहून चालवू शकतो, त्याच्या मागे डबलसीट बसलेल्या माणसाची पाठ किती धक्के सोसू शकते, यावरून दिवसाचा टप्पा, थांबे आणि वाटसुद्धा ठरली पाहिजे.

या छंदाच्या इतिहासाकडे पाहिले तरी वेगापेक्षा सोबतीची बाजू ठळकपणे दिसते. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी मैत्रिणी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून पँथर मोटारसायकलवर निघाल्या, आणि तिला साइडकार (बाजूला जोडलेली बसण्याची गाडी) व मागे सामानाची छोटी ट्रेलर जोडून सहारा वाळवंट ओलांडत १९३५ च्या जुलैअखेरीस केप टाउनला पोहोचल्या. एवढे ओझे वाळूतून ओढणे एकटीच्या आवाक्यातले नव्हतेच. पुढे २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली डकार रॅली, म्हणजे आफ्रिकेतल्या डकारपर्यंतची लांब पल्ल्याची शर्यत, सुटली, ती सिरिल नेव्हू याने यामाहा एक्सटी ५०० या एक सिलिंडरच्या साध्या गाडीवर जिंकली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली आणि लांबचा डांबरी पल्ला व कच्ची वाट या दोन्हींसाठी एकच मोठी गाडी ही कल्पना रुजली. याच डकार रॅलीतली एक गोष्ट मला तिच्या सगळ्या विजेत्यांहून मोलाची वाटते. पडून जखमी झालेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी एखादा स्पर्धक थांबला, तर त्या थांबण्यात गेलेला वेळ त्याला परत दिला जातो. सेकंदांचा हिशेब ठेवणारी शर्यतसुद्धा माणसासाठी घड्याळ थांबवते, मग ज्यांना कोणतीही शर्यत जिंकायची नाही त्यांनी मागे राहिलेल्या सोबत्याची वाट पाहण्यात कुरकुर करण्याचे कारण उरत नाही.

गटात चालवण्याची जी पद्धत मी सर्वांत जास्त मानतो, तिचा पाया हाच आहे. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला चालक असतो, त्याला लीड म्हणतात. सर्वांत मागे स्वीप असतो आणि त्याच्या मागे गटातली एकही मोटारसायकल राहत नाही. वाटेला जिथे फाटा फुटतो तिथे लीडच्या लगेच मागे असलेला चालक थांबतो, गाडी सुरक्षित जागी पण लांबून दिसेल अशी उभी करतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो. सगळे पुढे गेले आणि स्वीप त्या फाट्यापाशी आला की तो चालक स्वीपच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर तेव्हा लीडच्या मागे जो असेल तो थांबतो, आणि असे करत सगळ्यांना आळीपाळीने थांबावे लागते. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: स्वीप दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही, मग कितीही वेळ लागो. स्वीप फार वेळ आलाच नाही तर मागे काहीतरी घडले आहे हे फाट्यावरच्या माणसाला कळते, आणि पुढे जाऊन थांबलेल्या लीडला एकेक फाटा उलट गाठत नेमक्या त्या तुकड्यापर्यंत येता येते.

या पद्धतीचा खरा फायदा नवख्या चालकाला होतो. समोरची गाडी नजरेआड झाली तरी आपण चुकणार नाही ही खात्री त्याला असते, त्यामुळे तिला गाठण्याच्या धडपडीत तो आपल्या कुवतीपलीकडे अॅक्सिलरेटर पिळत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक पडझडी अशा गाठण्याच्या नादातच झालेल्या आहेत. शिवाय दोन गाड्यांमध्ये धूळ खाली बसेपर्यंतचे अंतर ठेवता येते. धुळीच्या लोटात शिरलेल्या चालकाला समोरचा खड्डा दिसत नाही आणि समोरून येणारे वाहनही दिसत नाही. स्वीप म्हणून गटातला सर्वांत मुरलेला माणूस असावा असा माझा आग्रह असतो, आणि हवेचा पंप, पंक्चरचे साहित्य, हत्यारे व प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याजवळच असावी, कारण पुढे निघून गेलेले सामान मागे पडलेल्याच्या उपयोगाचे नसते.

टायरमधल्या हवेकडे नव्या गटांचे दुर्लक्ष होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, टायर दगडाला वेढून घेतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर तीस ते छत्तीस पीएसआयच्या (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास असलेली हवा खडी आणि मातीच्या वाटेवर एकट्या चालकाला बावीस ते पंचवीसवर आणता येते, मऊ वाळूत त्याहूनही खाली. मात्र हा आकडा सगळ्यांना सरसकट लावू नये. ज्या गाडीवर दोघे बसले आहेत आणि मागे सामानाच्या पेट्याही आहेत, त्या गाडीची हवा तितकी उतरवली आणि टायर ट्यूबचा असला, तर एखादा धारदार दगड लागताच ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते व तिला सर्पाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. डबलसीट गाडीची हवा थोडी जास्त ठेवावी, मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवावा आणि त्या बदल्यात वेग कमी ठेवावा. प्रीलोड न वाढवता मागे माणूस बसवला की गाडीचे बूड खाली बसते, पुढचे चाक हलके होते आणि मऊ जमिनीत हँडल ऐकेनासे होते. डांबरी रस्त्याला लागताच सगळ्यांनी थांबून हवा पुन्हा भरायची, हे सांगायला नको, पण दमलेल्या गटाला ते हटकून सांगावे लागते.

चालवताना फुटरेस्टवर उभे राहायचे, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर बाहेर ठेवून हँडल सैल पकडायचे आणि नजर चाकापुढच्या खड्ड्याऐवजी लांबवर ठेवायची, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मागे माणूस असला की मात्र यातले निम्मे करता येत नाही. चालक उभा राहिला की मागच्याला धरायला काही उरत नाही आणि त्याला समोरचे काही दिसत नाही, त्यामुळे धक्का येणार हे त्याला धक्का बसल्यावरच कळते. हेल्मेटमधला इंटरकॉम इथे फार उपयोगी पडतो. "खड्डा", "उजवीकडे", "ब्रेक लावतोय" असे एकेक शब्द आधी सांगितले तरी मागच्याचे अंग सावध होते. माझी मुलगी मागे बसते तेव्हा आमच्यात एक ठरलेले आहे. एखादा चढ किंवा गोट्यांचा तुकडा तिला धोक्याचा वाटला की ती म्हणते, "बाबा, थांबा, मी हे चालत येते," आणि मी थांबतो. त्यावर वाद नाही आणि "काही होत नाही गं" असे समजावणेही नाही. ती उतरते, मी एकटा ते अंतर पार करतो, ती मागून चालत येऊन पुन्हा बसते. पाठीमागच्याला असा शब्द देता आला तर घरचे माणूस पुढच्या प्रवासालाही आनंदाने येते, आणि एकट्याचा भार असताना गाडीही अवघड जागेतून अधिक नीट निघते. मुलांच्या बाबतीत आणखी दोन अटी मी कधीच सोडत नाही: पाय फुटरेस्टवर पुरते टेकले पाहिजेत, आणि हेल्मेट त्यांच्या स्वतःच्या मापाचे हवे, मोठ्यांचे घट्ट आवळलेले चालत नाही.

ओढा किंवा नदी ओलांडताना गटाची खरी परीक्षा होते. बर्फ वितळून येणाऱ्या प्रवाहाला पहाटे आणि सकाळी पाणी कमी असते व ऊन चढत जाईल तसे ते वाढत जाते, म्हणून असा प्रवाह वाटेत असेल तर त्या दिवशी सगळ्यांनी लवकर उठलेच पाहिजे. पात्र अरुंद दिसते तिथे उडी मारण्याचा मोह होतो, पण पाणी तिथे खोल आणि जोरकस असते. पसरट जागी ते बहुधा उथळ आणि संथ मिळते. आधी एकाने बूट घालून, काठी टेकत, चालत पलीकडे जावे आणि तळाला वाळू आहे की गोटे हे पाहावे. माझा ठोकताळा साधा आहे: जिथून मागे बसणारे माणूस आधार घेत चालत जाऊ शकत नाही, तिथून गाडीही न्यायची नाही. पहिल्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर एकसारखा धरून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून जावे. बंद गाडी ढकलत न्यावी लागली तर ढकलणाऱ्याने प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहावे, म्हणजे पाण्याच्या जोराने गाडी कलंडली तरी ती अंगावर येत नाही.

गाडी पाण्यात आडवी झालीच तर स्टार्टर दाबण्याची घाई सर्वांत महागात पडते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर रेटला की त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजिन बंद करून गाडी काठावर आणावी, एअर फिल्टर उघडून पाहावा, स्पार्क प्लग काढावा आणि मगच इंजिन फिरवावे, म्हणजे आत साचलेले पाणी प्लगच्या भोकातून बाहेर फेकले जाते. फिल्टर कोरडा करून, प्लग पुसून बसवेपर्यंत बराच वेळ जातो. त्या वेळेत बाकीच्यांनी सावली शोधावी, मुलांना खायला द्यावे आणि काम करणाऱ्याला सूचनांचा भडिमार करू नये.

पडलेली गाडी उचलण्याची रीत गटातल्या प्रत्येकाला, विशेषतः अंगाने लहान असणाऱ्यांना, घरीच शिकवून ठेवावी. इंजिन बंद करायचे, गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे ती घसरत नाही, आणि ती उजव्या कुशीवर पडली असेल तर साइडस्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उचलताना पलीकडे कलंडली तरी स्टँडवर उभी राहते. मग सीटला पाठ लावून बसकण मारायची, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरायची आणि कंबर न वाकवता, पायांच्या जोरावर, छोटी पावले मागे टाकत वर यायचे. दोनशे किलोची गाडी याच रीतीने सडपातळ माणूसही उभी करतो. तरीही गटात असताना एकट्याने जोर लावू नये. कंबर धरली तर गाडी आणि चालक दोघेही दुसऱ्यांवर अवलंबून राहतात.

गटात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असली की सोबत एखादी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी, गाडी घ्यावी. दमलेल्याला तिच्यात बसता येते आणि मोटारसायकलींवरचे सामान कमी होते. ती रांगेत सर्वांत शेवटी, स्वीपच्याही मागे ठेवावी, म्हणजे तिची धूळ कोणाच्या डोळ्यांत जात नाही. ती रुतली तर ओढण्याचा दोर कंपनीने त्यासाठी दिलेल्या हुकालाच बांधावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नये, कारण झटक्याने तो गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो आणि जीव घेऊ शकतो. दोर ताणलेला असताना मुलांसह सगळ्यांनी लांब उभे राहावे.

उंच पहाडी प्रदेशात जायचे असेल तर शेवटच्या गाडीचा विचार हवेच्या बाबतीतही करावा लागतो. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा यांत्रिक रीतीने मिसळणाऱ्या) इंजिनाला तिथे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळते आणि ते गुदमरल्यासारखे चालते; इंजेक्शनचे (इलेक्ट्रॉनिक रीतीने पेट्रोल मोजून सोडणारे) इंजिन मिश्रण सांभाळून घेते, पण जोर त्याचाही घटतो. माणसांचे शरीर मात्र सावकाश जुळवून घेते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम आहे, आणि रोज व्यायाम करणाऱ्या तरुणालाही तो तितकाच लागू आहे. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, विलक्षण थकवा ही सुरुवातीची लक्षणे आहेत. लहान मुले ती नीट सांगू शकत नाहीत, ती चिडचिडी होतात, खायला नको म्हणतात. अशी लक्षणे दिसली की आणखी वर चढणे थांबवायचे. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचे. त्या माणसाला स्वतः गाडी चालवू द्यायची नाही; त्याला फोर बाय फोरमध्ये बसवून बरोबर एक धडधाकट माणूस द्यायचा आणि त्याची मोटारसायकल वर राहिली तर राहू द्यायची, ती दुसऱ्या दिवशी आणता येते.