नीलानं सोनं हिरव्या जांभळीखाली राखलं

परवा मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, एकीनं हळूच विचारलं, "ताई, तुम्ही ते कम्युनिटी कॉलेज केलंत ना? बरं असतं का हो ते?" हळूच म्हणजे मागच्या बाईला ऐकू जाणार नाही इतकं हळूच. मला हसूच आलं. मी स्वतः शिकत होते तेव्हा याच हॉलमध्ये, याच रांगेत, "मेडिकलमधलं काहीतरी चाललंय" एवढंच बोलून विषय भाताच्या मुदीवर न्यायचे.

आपल्याकडे ही एक लाज आहेच. इथं अमेरिकेतल्या मराठी घरात मुलगा विद्यापीठात गेला की पेढे, आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कम्युनिटी कॉलेजात गेला की "सध्या तिथं आहे, मग ट्रान्सफर घेणार आहे". 'सध्या' हा शब्द हमखास. मी तर पस्तिशीची, एका मुलीची आई. मला 'सध्या' म्हणायचीही सोय नव्हती.

मी मिरजेची. आमच्या गावात दर दुसऱ्या बोळात एक दवाखाना आणि त्याला चिकटून एक लॅब. लग्न होऊन न्यू जर्सीला आले तेव्हा हातात सांगलीची बी.कॉम. होती आणि पासपोर्टवर एच-फोर. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांचे नवरे ग्रीन कार्डच्या रांगेत एक टप्पा पुढं सरकलेत अशा बायकांना कामाचं कार्ड मिळायला लागलं. सगळ्याजणी धावल्या, मीही धावले. कार्ड आलं. आता काम कुठलं? बी.कॉम.ला इथं कुणी विचारेना. शिकायला एच-फोरवर कधीच बंदी नव्हती, हे मला त्यानंतर कळलं. आधीची चार वर्षं मी कुणाला विचारलंच नव्हतं.

काउंटीच्या कॉलेजचं जाड माहितीपत्रक दर सेमिस्टरला टपालानं फुकट यायचं. मी त्यावर चकल्या निथळत ठेवायचे. एका दिवाळीत तेलानं पारदर्शक झालेल्या पानावर वाचलं: मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियन, असोशिएट डिग्री, दोन वर्षं. म्हणजे आपलं डीएमएलटी की, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा! माझ्या मामेभावानं तेच केलंय. मिरजेतली अर्धी पोरं तेच करतात.

ही कॉलेजं काय असतात ते थोडक्यात सांगते, म्हणजे रांगेत कुजबुजावं लागणार नाही. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर असं पहिलं सरकारी कॉलेज सुरू झालं, ते अजून चालू आहे. न्यू जर्सीत अशी अठरा आहेत. विद्यापीठाच्या मानानं फी कितीतरी कमी, त्यातही आपल्याच काउंटीत राहणाऱ्याला आणखी कमी. बारावीचे गुण कुणी विचारत नाही. इंग्रजी आणि गणिताची एक चाचणी घेतात आणि जिथं उभे असाल तिथून सुरू करतात. प्रत्येक विषय पास झाला की त्याची ठरलेली क्रेडिट्स जमा होतात, साधारण साठ क्रेडिट्स झाली की असोशिएट डिग्री. मला अर्ध्या वेळानं साडेतीन वर्षं लागली. मुलगी तिसरीत असताना सुरू केलं, ती सहावीत होती तेव्हा संपलं.

वर्गात माझ्या डाव्या हाताला एकोणीस वर्षांची पोरगी, नखांवर दर आठवड्याला नवी नक्षी. उजवीकडं सैन्यातून परत आलेला एक गडी, सरकारी खर्चानं शिकणारा, पाच मिनिटं आधी येऊन ताठ बसलेला. मागं दोन पोरांची आई, रात्री गोदामात पार्सलं भरून सकाळी थेट वर्गात. वर्गात सगळ्यात म्हातारी मीच असणार असं धरून गेले होते, तर दोघं माझ्याहून मोठे निघाले.

पहिल्याच सेमिस्टरला एक गाढवपणा झाला. तिथल्या सल्लागारानं मला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा एका सेमिस्टरचा आटोपशीर विषय घ्यायला लावला. आमच्या कोर्सला लागतो तो दोन भागांचा, प्रत्येकी चार क्रेडिट्सचा. चार महिने हाडं पाठ केली, ए मिळवला, आणि मग कळलं की हा धरतच नाहीत. फी गेली ती गेलीच. भांडायला गेले तर सल्लागार बदललेला. तेव्हापासून मी कुठल्याही टेबलासमोर बसले की कोर्सचा छापील तक्ता पुढं ठेवते आणि म्हणते, यातल्या कुठल्या ओळीत हा विषय बसतो ते बोटानं दाखवा. उद्धट वाटलं तर वाटू दे.

तसाच दुसरा खड्डा पदवीच्या नावात आहे. असोशिएट डिग्रीचे ए.ए., ए.एस., ए.ए.एस. असे प्रकार असतात. ए.एस. आणि ए.ए.एस. मध्ये नुसतं एक अक्षर जास्त दिसतं. पण ए.ए. किंवा ए.एस. घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेलात, तर २००७ च्या कायद्यामुळं दोन वर्षांची क्रेडिट्स पुढं धरली जातात. ए.ए.एस. ही थेट नोकरीसाठीची पदवी, तिला ते संरक्षण नाही. माझी ए.ए.एस. आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, मला नोकरीच हवी होती. पण आता पुढची चार वर्षांची पदवी घ्यावी म्हटलं तर दर विषयाला वेगळी घासाघीस चाललीय. मुलं-मुली पाठवणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता गमतीचा भाग. रक्त काढायला आधी रबराच्या हातावर शिकवतात. त्या हाताच्या शिरा इतक्या गुणी की आपण लई हुशार आहोत असं वाटायला लागतं. मग एके दिवशी बाई म्हणाल्या, जोड्या करा. माझ्या जोडीला तो सैन्यातला. दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत बोटानं चाचपलं, दोरीसारखी टच्च शीर. सोपं होतं. तरी माझा हात असा थरथरला की तोच म्हणाला, "मॅम, श्वास घ्या." सुई गेली, नळीत रक्त चढलं, आणि मी पट्टा सोडायच्या आधीच सुई काढायला निघाले. तसं केलं की रक्त उसळून कातडीखाली साचतं. बाईंनी वेळेत माझं मनगट धरलं. त्याच्या हातावर तरीही आठवडाभर निळा डाग होता. तो सगळ्यांना कौतुकानं दाखवत फिरला.

नळ्या भरायचा क्रम ठरलेला असतो: निळं झाकण, सोनेरी, हिरवं, जांभळं, राखाडी. इंग्रजीतल्या ओळी माझ्या डोक्यात राहीनात. म्हणून बसमध्ये स्वतःच एक जुळवली: नीलानं सोनं हिरव्या जांभळीखाली राखलं. क्रमाला कारण आहे. जांभळ्या नळीतल्या औषधात पोटॅशियम असतं. ती आधी भरून सुईवरून थेंबभर औषध हिरवीत गेलं, तर धडधाकट माणसाचं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, आणि डॉक्टरची धावपळ सुरू. अजूनही नळ्या हातात घेतल्या की ओठ हलतात. एकदा एका पेशंटनं विचारलं, प्रार्थना म्हणतेस का?

माझा जीव मात्र रमला स्लाइडवर. रक्ताचा थेंब काचेच्या एका टोकाला ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून थेंबापर्यंत मागं आणायची, थेंब कडेला पसरला की एका दमात पुढं ढकलायची. टोकाला पिसासारखं विरत गेलं पाहिजे. माझ्या पहिल्या वीसेक स्लाइड्स म्हणजे घावनाचं पीठ तव्याला चिकटावं तशा. मग एक दिवस हात बसला. रंग देऊन भिंगाखाली ठेवली आणि पांढऱ्या पेशी जांभळ्या केंद्रकांसकट उभ्या राहिल्या. शंभर मोजायच्या, प्रत्येक जातीचं बटण वेगळं, शंभर भरल्या की यंत्र टुंग करतं. बी.कॉम.च्या बाईला मोजणं आवडणारच, असं नवरा म्हणतो.

नोकरीची तयारी हा तिथं वेगळा विषयच असतो. माझा पहिला रेझ्युमे मी आपल्या बायोडाट्यासारखा केला होता: जन्मतारीख, विवाहित, वडिलांचं नाव, कोपऱ्यात फोटो. करिअर सेंटरमधल्या बाईंनी शांतपणे सगळ्यावर रेघ मारली. उरलं एक पान. मग खोटी मुलाखत. "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर मी "आम्ही मूळचे मिरजेचे, आम्ही तिघी बहिणी" इथून सुरुवात केली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, छान आहे, पण तुम्ही काय करू शकता ते बहिणींच्या आधी येऊ दे.

शेवटचे महिने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, पहाटे सहापासून, बिनपगारी. रक्तपेशी, केमिस्ट्री, ब्लड बँक, जंतू, सगळीकडं काही आठवडे. तिथंच तुम्हाला बघून ठेवतात. मला मुलाखतीला बोलावणारी मुख्य टेक्नॉलॉजिस्ट तीच, जिनं मला फ्रीजची तापमान नोंदवही न चुकता लिहिताना पाहिलं होतं. मुलाखतीआधी एएससीपीची, म्हणजे लॅबवाल्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, परीक्षा: शंभर प्रश्न, अडीच तास, आणि बरोबर उत्तर दिलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड टाकतो. त्यामुळं परीक्षा चांगली चाललीय याची खूण म्हणजे आपल्याला काहीच येत नाही असं वाटणं. मी रडत बाहेर आले आणि पास झाले.

नवीन माणसाला रात्रपाळीच मिळते. मलाही तीच आहे, अकरा ते सात. मामेभावाला मिरजेला फोन करते तेव्हा त्याची लॅब भरात असते, मागं नळ्यांचा सेंट्रिफ्यूज घुमत असतो. काम तेच, यंत्रंही बरीचशी तीच. पगाराचा आकडा मी त्याला सांगत नाही.

प्रसादाच्या रांगेतल्या त्या मुलीला मी सगळं एका दमात सांगितलं नाही. रांग हलली होती आणि माझा आवाज जरा चढला होता, दोघीतिघी वळून बघत होत्या. एवढंच म्हटलं, कोर्सचा छापील तक्ता घेऊन शनिवारी सकाळी आठला घरी ये. रात्रपाळी करून मी तेव्हाच पोचते, चहा टाकते. ती म्हणाली, "झोपायचं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, तक्ता आण तू.