शेफिल्ड एफसी आणि आमची वही

परवा माळा आवरताना आमच्या क्लबची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानात हिशोबाला असते तसली जाड. क्लब म्हणजे काय तर पेठेतली वीस-बावीस पोरं, सकाळी साडेसहाला एसएसपीएमएसच्या ग्राउंडवर जमायचो, आणि आमचे कॅप्टन दादा दर मॅचनंतर कट्ट्यावर बसून कोण खेळलं, गोल कुणी मारले, वर्गणी कुणाची बाकी, सगळं त्या वहीत लिहायचे. सहा वर्षांपूर्वी ते सगळं थांबलं. नोकऱ्या, लग्नं, आणि ग्राउंड मिळवायची दर आठवड्याची मारामार. वही चाळता चाळता मला शेफिल्ड एफसी हा इंग्लंडातला फुटबॉल क्लब आठवला आणि म्हणलं आज लिहूनच टाकू, कारण पुण्यात मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनलवाले गल्लोगल्ली आहेत पण या क्लबबद्दल कुणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

१८५७ म्हणलं की आपल्याला नानासाहेब, तात्या टोपे, झाशी. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये, म्हणजे चाकू-सुऱ्या आणि पोलादाच्या गावात, नॅथॅनियल क्रेझविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी फुटबॉल क्लब काढला. आज जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब म्हणतात तो हाच. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन, जी आपण एफए म्हणतो, ती निघाली १८६३ला, म्हणजे क्लब आधी आणि असोसिएशन सहा वर्षांनी!

आता क्लब तर काढला पण खेळणार कुणाशी, दुसरा क्लबच नाही. मग आपसातच टीम पाडायच्या, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे, नाहीतर आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून अर्धे इकडे अर्धे तिकडे. हे वाचलं तेव्हा मला एकदम ओळखीचं वाटलं, आमच्याकडे विद्यार्थी विरुद्ध नोकरीवाले अशी मॅच व्हायची आणि त्याची नोंद वहीत आहे. १८६०ला शेजारी हॅलम क्लब निघाला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला सँडीगेटच्या मैदानावर दोघांची पहिली मॅच झाली, शेफिल्डने २-० जिंकली. हॅलम अजूनही सँडीगेटवरच खेळतो बरं का.

त्यांनी पहिलं काम काय केलं तर नियम लिहून काढले, १८५८ला. हाताने ढकललं तर चालेल पण लाथा घालायच्या नाहीत, पाय घालून पाडायचं नाही. आणि एक नियम मला फार आवडतो, प्रत्येक खेळाडूने एक लाल आणि एक गडद निळी फ्लॅनेलची टोपी स्वतःची आणायची, म्हणजे कोण कुठल्या बाजूचा ते कळेल. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर दादांनी लिहिलंय, दोन टीशर्ट आणणे, एक पांढरा एक रंगीत. खेळाचे नियम लिहिणं आपल्या पुण्याला नवीन नाही म्हणा, बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात इथल्याच छावणीत ठरले आणि त्या खेळाला तेव्हा पूना असंच म्हणायचे. तर शेफिल्डचे हे नियम आसपासच्या क्लबांनी घेतले, आजची कॉर्नर किक एफएच्या नियमांत आली ती शेफिल्डकडून, आणि शेवटी १८७७ला दोन्ही नियम एक झाले.

मग १८८५ला एफएने खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली आणि इथून क्लबची गाडी मागे पडली. त्याच गावातले वेन्सडे आणि युनायटेड हे क्लब पगारी खेळाडू घेऊन मोठे झाले, शेफिल्ड एफसी मात्र हौशीच राहिला, आणि मला यात चूक काही दिसत नाही. हौशी क्लबांसाठी वेगळा कप काढा ही कल्पनाही त्यांनीच मांडली आणि १९०४ला तो ॲमॅच्युअर कप जिंकला पण. त्यानंतर खालच्या लीगमध्येच. इंग्लंडात वरच्या चार डिव्हिजनच्या खालचं सगळं नॉन-लीग, त्यात हा क्लब, मैदानं बदलत बदलत २००१ पासून शेफिल्डच्या बाहेर ड्रॉनफिल्डला, एका पबच्या मागच्या ग्राउंडवर.

२००४ला फिफाने ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान दिला तो दोनच क्लबांना, एक रिआल माद्रिद आणि दुसरा हा. २००७ला दीडशे वर्षं झाली म्हणून इटलीचा इंटर मिलान शेफिल्डला येऊन मॅच खेळून गेला, पेले स्वतः हजर होते, इंटर ५-२ जिंकला.

पण मला जे सांगायचंय ते २०११चं. त्या वर्षी क्लबने आपले जुने कागद लंडनला सदबीजच्या लिलावात काढले. हाताने लिहिलेले मूळ नियम, १८५९च्या छापील पुस्तिकेची उरलेली एकुलती एक प्रत, जुन्या मीटिंगांच्या वह्या. ८,८१,२५० पौंड आले. मला पहिल्यांदा वाचून खूप राग आला होता, घरातले देव विकल्यासारखं वाटलं. पण पैसे कशासाठी तर क्लब चालवायला, सोयी करायला. ते कागद आता कुणाच्या तरी कपाटात नीट आहेत आणि शनिवारी पोरं खेळतायत. उलटं झालं असतं, कागद क्लबकडे आणि खेळायला कुणी नाही, तर? आमचं नेमकं तेच झालंय. वही माझ्या माळ्यावर आणि ग्राउंडवर आमच्यातलं कुणीच नाही.

रात्री दादांना फोन केला, वही सापडली म्हणून सांगितलं, मग हा शेफिल्डचा सगळा किस्सा सांगितला आणि विचारलं, दादा तुम्ही विकली असती का हो? ते म्हणाले, "अरे ग्राउंड मिळत असेल तर उद्या घेऊन ये, नवीन वही शंभर रुपयात येते."

रविवारी साडेसहाला जायचं ठरलंय. आत्तापर्यंत सात जण हो म्हणालेत, दोन टीशर्ट आणायचे सगळ्यांना कळवलंय.