षटकोन आणि तीन रेषा

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा म्हटलं स्नेहसंमेलन, सहल, मार खाल्ल्याच्या आठवणी हे सगळं बाकीचे लिहितीलच, मी आपला टेक्निकलच्या ड्रॉइंगच्या तासाबद्दल लिहितो, कारण त्या तासावर माझं आजही पोट चालतंय.

आमचे ड्रॉइंगचे सर फळ्यावर नुसता षटकोन काढायचे, मधल्या बिंदूपासून एक सोडून एक अशा कोपऱ्यांना तीन रेषा जोडायचे आणि विचारायचे, मधला कोपरा तुमच्याकडे आलाय की आत गेलाय? अर्धा वर्ग ओरडायचा ठोकळा आहे, उरलेले म्हणायचे खोलीचा आतला कोपरा, आणि सर दोघांनाही बरोबर म्हणायचे, ह्याचाच जास्त राग यायचा.

आता मी पायपिंग डिझाइनमध्ये आहे. जुन्या केमिकल प्लांटमध्ये काही बदल करायचा असला की हातात पडतात जुने कागदी आयसो, म्हणजे पाइपांची आयसोमेट्रिक (एकाच चित्रात तिन्ही बाजू तिरक्या दाखवणारी) चित्रं, आणि त्यावरून ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी मॉडेल उभं करायचं असतं. नवीन पोरं जॉइन झाली की पहिला प्रश्न ठरलेला, सर, आयसोचं थ्रीडी करायची कमांड कुठली? अहो नाहीये! उलटं होतं, मॉडेलवरून फ्लॅटशॉट कमांडनं सपाट चित्र मिळतं, पण चित्रातून खोली (डेप्थ) परत मिळत नाही, कारण सगळ्या बाजू सारख्या असलेल्या ठोकळ्याचा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा कोपरा आयसोमेट्रिकमध्ये एकाच बिंदूवर येतात, मग सॉफ्टवेअरनं कुठला धरायचा? एफ५ दाबत दाबत वरची, उजवी, डावी बाजू बदलून काढलेलं आयसोमेट्रिकसुद्धा सपाटच असतं, ऑर्बिटनं फिरवा, पापडासारखं चपटं दिसेल.

त्यात पायपिंगचा आयसो स्केलमध्ये नसतोच, बारा मीटरचा पाइप आणि दीड मीटरचा पाइप कागदावर जवळपास सारखेच दिसू शकतात, त्यामुळे स्कॅन करून वरून गिरवण्यात काही अर्थ नाही. नॉर्थचा बाण बघायचा, लिहिलेली मापं वाचायची, एक्स वाय झेड देत सेंटरलाइन काढायची, चार इंची पाइप असेल तर लाँग रेडियस एल्बोला (मोठ्या वळणाच्या जोडाला) १५२ मिमीचा फिलेट, म्हणजे कोपऱ्याला तेवढ्या त्रिज्येची गोलाई, मग ११४.३ मिमी बाहेरच्या व्यासाचं वर्तुळ स्वीप, म्हणजे त्या रेषेवरून ओढत न्यायचं. पाइप कुठल्याच अक्षाला धरून नसला तर आयसोवर हॅच केलेला (तिरक्या रेघा मारलेला) त्रिकोण दिलेला असतो, तो नीट वाचता आला नाही की पाइप शेजारच्या कॉलममध्ये घुसलाच म्हणून समजा.

मशीनच्या पार्टचं आयसोमेट्रिक मात्र स्केलमध्ये असेल तर एक गंमत करता येते. वरच्या बाजूचा समभुज चौकोन ब्लॉक करून वाय दिशेनं १.७३२ पट ताणायचा, ४५ अंशात फिरवायचा, ०.८१६ नं लहान करायचा, की खऱ्या मापाचा प्लॅन (वरून दिसणारं चित्र) तयार, तो एक्स्ट्रूड करा, म्हणजे त्याला उंची द्या. भोकांच्या लंबवर्तुळांच्या नादी लागू नका, आपण शाळेत कंपासनं चार केंद्रं घेऊन काढायचो ती तशीही अंदाजेच असायची, सरळ यूसीएस (एक्स वाय झेड अक्षांची चौकट) त्या बाजूवर नेऊन व्यास टाका आणि तेवढा भाग सबट्रॅक्ट (वजा) करा.

आयसोमेट्रिक चित्रांची ही पद्धत १८२२ मध्ये केंब्रिजच्या विल्यम फॅरिशनं मांडली. तो लेक्चरला यंत्रांची मॉडेलं सुट्या भागांतून जोडून दाखवायचा, ती परत कशी जोडायची हे मदतनिसांना कळावं म्हणून त्याला अशी चित्रं हवी होती! म्हणजे चित्रावरून मॉडेल हेच मूळ काम, फक्त तेव्हा ते माणसं करायची, आणि खरं सांगायचं तर आजही माणसंच करतात. म्हणून मी ऑफिसात नवीन मुलांना माउसला हात लावायच्या आधी कागदावर प्लॅन आणि दोन एलिव्हेशन (बाजूंनी दिसणारी चित्रं) काढायला लावतो, शाळेतल्यासारखी फर्स्ट अँगलच्या मांडणीत, हातानं. कुरकुर करतात, करू देत.

टेक्निकल विभागातले जुने ड्रॉइंग बोर्ड आता काढून टाकणार आहेत असं ऐकलं. त्यातला एक मला ऑफिससाठी हवाय, काय किंमत होईल ती देईन, कुणीतरी मुख्याध्यापकांना सांगा.