सर, "हे" म्हणजे कुठलं?
एमएच्या पहिल्या वर्षाला सर फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे "हे बघा, हे इथून तिकडे गेलं", आता मला दिसत नाही, काय डोंबल कळणार. दोन आठवडे गप्प बसलो, मग लेक्चर संपल्यावर गाठलंच त्यांना, म्हटलं सर लिहिताना तोंडाने बोलाल का? बोलायला लागले की! ग्रुपवर मात्र अजून हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटोच येतात, एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकटातलं आणि भारी आहे पण तिथे त्याचं काही चालत नाही, मग मैत्रीण व्हॉइस नोट पाठवते, कुकरच्या शिट्ट्यांसकट. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्तीची मिळतात, त्यातली निम्मी रायटरला (मी सांगतो ते पेपरात लिहिणाऱ्याला) फ्रेंच विचारवंताचं नाव "फूको, फ ला दुसरा ऊकार" असं कुजबुजण्यातच जातात.